आम्ही आणि आपण: बिशप फ्रेडरिक बरागा यांचे आयुष्य

१ नोव्हेंबर १८५३ रोजी अमेरिकेतील सिनसिनाटी शहराच्या कॅथेड्रलमध्ये छपन्न वर्षांच्या एका धर्मगुरूंना बिशपपदाची दीक्षा देण्यात आली. दीक्षा देणारे आर्चबिशप जॉन बॅप्टिस्ट पर्सेल हे जन्माने आयरिश होते. त्यांच्या साथीला उभ्या असलेल्या दोन बिशपांपैकी डेट्रॉइटचे पीटर पॉल लेफेव्हर बेल्जियममधून आलेले, तर मिलवॉकीचे जॉन मार्टिन हेनी स्वित्झर्लंडमधून. आणि ज्यांच्या मस्तकावर हे तिघे हात ठेवत होते ते फ्रेडरिक बरागा आज स्लोव्हेनिया म्हणून ओळखल्या जाणाऱ्या प्रदेशातले. अमेरिकेतल्या त्या सोहळ्यात वेदीजवळच्या या चौघांपैकी अमेरिकेत जन्मलेला एकही नव्हता.

त्या काळातल्या अमेरिकन कॅथलिक चर्चविषयी एवढी एक गोष्ट लक्षात घेतली की बरागांचे आयुष्य समजायला सोपे जाते. देश नवा होता, प्रोटेस्टंटबहुल होता, स्थानिक धर्मगुरू घडवणारी विद्यालये तुरळक होती. कॅथलिक लोकसंख्या मात्र आयर्लंड, जर्मनी आणि फ्रेंच कॅनडातून येणाऱ्या स्थलांतरितांमुळे झपाट्याने वाढत होती. धर्मगुरू लागतील ते युरोपातून आणायचे आणि त्यांना पोसण्यासाठी पैसाही युरोपातूनच मागवायचा, असा तो कारभार होता. जे धर्मगुरू आले त्यांच्यापैकीच काही पुढे बिशप झाले. त्यामुळे बरागा परदेशी असून बिशप झाले यात नवल काहीच नाही. नवल आहे ते त्यांना कोणाचे बिशप केले गेले यात, आणि त्या पदाआधीच्या बावीस वर्षांत त्यांनी काय केले होते यात.

बरागांचा जन्म २९ जून १७९७ चा, डोब्रनिचजवळच्या माला वास या गावातला. हा भाग तेव्हा ऑस्ट्रियाच्या सम्राटाच्या राज्यात होता. घर सुखवस्तू होते, त्रेब्न्ये येथे इस्टेट होती. पण १८०८ मध्ये आई आणि १८१२ मध्ये वडील गेले, आणि मुलगा पंधराव्या वर्षी पोरका झाला. शिक्षण ल्युब्लियाना शहरात चालू होते. त्याच सुमारास, १८०९ ते १८१३ या काळात, नेपोलियनने तो प्रदेश जिंकून फ्रेंच राजवटीखाली आणला होता. घरी स्लोव्हेनियन, शाळेत जर्मन आणि लॅटिन, राज्यकर्त्यांची फ्रेंच, अशा भाषांच्या गर्दीत हा मुलगा वाढला. पुढे अमेरिकेतल्या सुपीरियर सरोवराच्या काठी कातड्याचा व्यापार करणाऱ्या फ्रेंचभाषक कुटुंबांत वावरताना ही फ्रेंच त्यांच्या कामी यायची होती.

१८१६ ते १८२१ अशी पाच वर्षे त्यांनी व्हिएन्नात कायद्याचा अभ्यास केला. ज्या प्राध्यापकांच्या घरी ते ल्युब्लियानात राहत असत त्यांच्या मुलीशी त्यांचे लग्नही ठरले होते. पण व्हिएन्नात त्यांची गाठ क्लेमेंट हॉफबाउर या धर्मगुरूंशी पडली. हॉफबाउर हे गरिबांमध्ये काम करणारे, पापनिवेदनाला येणाऱ्या माणसाला वेळ देणारे, शहरातल्या विद्यार्थ्यांवर फार मोठा प्रभाव असलेले गुरू होते. कायद्याची पदवी हातात आल्यावर बरागांनी लग्न मोडले, वारसाहक्काने आलेली इस्टेट बहिणीच्या नावे केली आणि सेमिनरीत, म्हणजे धर्मगुरू घडवणाऱ्या विद्यालयात, प्रवेश घेतला. २१ सप्टेंबर १८२३ रोजी त्यांना ल्युब्लियानात गुरुदीक्षा मिळाली.

मायदेशातली त्यांची सात वर्षे वरवर पाहता शांत आहेत, पण पुढच्या निर्णयाचे मूळ तिथेच सापडते. त्या भागातल्या चर्चवर तेव्हा यानसेनवाद नावाच्या विचाराची छाया होती. सोप्या शब्दांत सांगायचे तर देवापुढे उभे राहण्याची माणसाची लायकी फारच थोडी आहे, म्हणून त्याने ख्रिस्तशरीर (उपासनेतला पवित्र प्रसाद) वारंवार घेऊ नये, पापनिवेदनात त्याला सहज मोकळे करू नये, भक्तीतल्या उमाळ्याला लगाम घालावा, असा तो कठोर दृष्टिकोन होता. हॉफबाउर यांच्या तालमीत तयार झालेल्या बरागांना हे पटणे शक्य नव्हते. त्यांच्याकडे पापनिवेदनासाठी लांबून माणसे येऊ लागली, सहकारी धर्मगुरू नाराज झाले, तक्रारी वर गेल्या आणि १८२८ मध्ये त्यांची श्मार्तनोहून मेतलिका या दूरच्या गावी बदली झाली. याच काळात त्यांनी स्लोव्हेनियन भाषेत एक प्रार्थनापुस्तक लिहिले. लोकांना त्यांच्या भाषेत प्रार्थना करता आली पाहिजे, ही त्यांची धारणा ते अमेरिकेत गेल्यावर बनलेली नाही. ती सोबत घेऊनच ते निघाले.

निघण्याची संधी मिळाली ती एका संस्थेमुळे. सिनसिनाटीच्या बिशपांचे प्रतिनिधी फ्रेडरिक रेसे हे निधीसाठी युरोपात फिरत होते आणि त्यांच्या प्रयत्नांतून १८२९ मध्ये व्हिएन्नात लिओपोल्डीन संस्था स्थापन झाली. ऑस्ट्रियाच्या सम्राटाची कन्या आणि ब्राझीलची सम्राज्ञी लिओपोल्डिना हिचे नाव संस्थेला दिले होते. संस्थेचे गणित साधे होते. प्रत्येक सभासदाने आठवड्याला एक क्रॉयत्सर, म्हणजे अगदी चिल्लर नाणे, द्यायचे. अशा लाखो नाण्यांतून अमेरिकेतल्या मिशनांसाठी घंटा, वेदीची वस्त्रे, पुस्तके आणि धर्मगुरूंचा प्रवासखर्च निघत असे. त्याच्या बदल्यात मिशनऱ्यांनी पत्रे पाठवायची आणि संस्थेने ती छापून देणगीदारांपर्यंत पोहोचवायची. बरागांविषयी आपल्याला जे तपशील कळतात त्यांतले पुष्कळसे या पत्रांतून येतात, आणि म्हणून ती वाचताना हेही ध्यानात ठेवावे लागते की ती देणाऱ्याचा हात सैल व्हावा या हेतूनेही लिहिलेली आहेत.

२९ ऑक्टोबर १८३० रोजी बरागांनी मायदेश सोडला आणि वर्षाच्या शेवटच्या दिवशी ते न्यूयॉर्कला उतरले. त्याच वर्षी मे महिन्यात राष्ट्राध्यक्ष अँड्र्यू जॅक्सन यांनी मूळनिवासींना मिसिसिपी नदीच्या पलीकडे हलवण्याच्या कायद्यावर सही केली होती. (आपल्याकडे अजूनही ‘रेड इंडियन’ हा शब्द सर्रास वापरला जातो, तो टाळलेला बरा.) ज्या लोकांमध्ये राहायला बरागा चालले होते त्यांच्या पायाखालची जमीन ते पोहोचण्याआधीच सरकू लागली होती.

सिनसिनाटीत हिवाळा घालवताना त्यांनी तिथे शिकत असलेल्या, ओडावा या मूळनिवासी समाजातल्या एका तरुणाकडून त्याच्या भाषेचे पहिले धडे घेतले आणि मे १८३१ मध्ये ते मिशिगन सरोवराच्या ईशान्य किनाऱ्यावरील आर्ब्र क्रोश या ओडावा वस्तीत पोहोचले. इथले घर आणि चर्च लाकूड व झाडाच्या सालींचे होते. पाऊस आला की ते अंथरुणावर छत्री उघडून ठेवत, पुस्तकांवर झगा पांघरत आणि जिथे कमी गळते तिथे बसून राहत, असे त्यांनी लिहिले आहे. आणि आयुष्यात इतका सुखी आपण कधी नव्हतो, असा त्या पत्राचा सूर आहे. पुढच्याच वर्षी, १८३२ मध्ये, ओडावा भाषेतले त्यांचे प्रार्थनापुस्तक डेट्रॉइटमध्ये छापून झाले.

इथे भाषेविषयी थोडे थांबून बोलले पाहिजे, कारण माझ्या मते बरागांचे सर्वांत टिकाऊ काम तेच आहे. ओडावा आणि ओजिब्वे या एकमेकींच्या सख्ख्या बहिणी म्हणाव्यात अशा बोली. दोन्ही बोलणारे स्वतःला अनिशिनाबे म्हणवतात. या भाषेत क्रियापदाला फार मोठे स्थान आहे. कोणी, कोणाला, कधी, नक्की की शक्यता म्हणून, हे सारे क्रियापदाच्या रूपातच सांगितले जाते आणि एकेका धातूची रूपे शेकड्यांनी होतात. नामांचे दोन वर्ग असतात, सजीव आणि निर्जीव. पण हा भेद जीव असण्या-नसण्याशी तंतोतंत जुळत नाही. दगड सजीव वर्गात येतो. रासबेरी सजीव, स्ट्रॉबेरी निर्जीव. ज्या मराठी माणसाला खुर्ची ‘ती’ का आणि टेबल ‘ते’ का हे परभाषकाला समजावून सांगावे लागले आहे, त्याला यात फारसे अवघड वाटणार नाही.

आणि एका बाबतीत तर मराठी माणूस बरागांच्याही पुढे होता. इंग्रजी, जर्मन, फ्रेंच, लॅटिन, स्लोव्हेनियन या बरागांना येणाऱ्या सर्व भाषांत प्रथमपुरुषाच्या अनेकवचनात समोरच्याला धरायचे की वगळायचे हा प्रश्नच उद्भवत नाही. अनिशिनाबे भाषेत तो प्रत्येक वाक्यात उद्भवतो. ‘आम्ही’ वेगळे आणि ‘आपण’ वेगळे, अगदी मराठीसारखे. युरोपातून आलेल्या उपदेशकाने चुकीचे रूप वापरले तर ‘आपण सारे पापी आहोत’ याचे ‘आम्ही पापी आहोत, तुम्ही नाही’ किंवा ‘देवाने आम्हाला तारले’ याचे ‘फक्त आम्हालाच तारले’ असे काहीतरी होऊन बसेल. येशूने शिकवलेल्या प्रार्थनेचा आरंभ बरागांच्या पुस्तकांत ‘नोस्सिनान’ असा आहे. नोस्सिनान म्हणजे ‘आमचा पिता’, ‘आपला पिता’ नव्हे, कारण बोलणे खुद्द पित्याशीच चालले आहे आणि त्याला त्या ‘आम्ही’त धरता येत नाही. मराठी ख्रिस्ती माणूसही ‘आमच्या स्वर्गातील पित्या’ असेच म्हणतो, कधी ‘आपल्या’ म्हणत नाही. दोन भाषा पृथ्वीच्या दोन टोकांना, पण त्यांचे व्याकरण एकाच जागी एकच काळजी घेते.

अशा भाषेचे विस्तृत व्याकरण बरागांनी १८५० मध्ये प्रसिद्ध केले. त्याची पाने साडेपाचशेहून अधिक आहेत आणि त्यातला मोठा भाग क्रियापदांच्या तक्त्यांनी व्यापलेला आहे. त्यानंतर १८५३ मध्ये शब्दकोश आला. या दोन्हींसाठी त्यांच्याजवळ भाषाशास्त्राची पदवी नव्हती, आधीचे तयार साहित्य तुटपुंजे होते आणि लेखनाची वेळ म्हणजे मिस्सा (कॅथलिक उपासनाविधी), शाळा, आजारी माणसे आणि प्रवास यांतून उरणारी हिवाळ्यातली पहाट. आपल्याकडे गोव्यात थॉमस स्टीफन्स या इंग्रज येशूसंघीयांनी कोकणीचे व्याकरण रचले, त्याच जातीचे हे काम आहे. फरक एवढाच की बरागांना ते बर्फाने वेढलेल्या लाकडी खोलीत करावे लागले. अर्थात या कोशातला प्रत्येक शब्द कोणीतरी अनिशिनाबे बाई-माणसाने त्यांना सांगितलेला आहे, दुरुस्त करून दिलेला आहे. मुखपृष्ठावर नाव एकाचे असले तरी ही विद्या त्या समाजाची होती, हे विसरता येत नाही.

आर्ब्र क्रोशनंतर १८३३ मध्ये बरागा आज ग्रँड रॅपिड्स शहर आहे त्या ग्रँड नदीकाठच्या वस्तीत गेले. तिथे त्यांचा सामना दारूशी झाला. कातडी विकत घेणारे व्यापारी मोबदल्यात दारू देत. दारूत माणूस कर्जबाजारी होई आणि कर्जात जमीन जाई, असे ते चक्र होते. बरागांनी त्याविरुद्ध उघडपणे बोलायला सुरुवात केली तेव्हा व्यापाऱ्यांच्या तक्रारी सरकारी अधिकाऱ्यांपर्यंत गेल्या आणि १८३५ मध्ये त्यांना ते ठिकाण सोडावे लागले. स्वतः मात्र त्यांनी दारू कायमची सोडली. द्राक्षमळ्यांच्या प्रदेशातून आलेल्या माणसाचा हा निश्चय होता.

त्यानंतरचा मुक्काम ला पॉइंटचा. सुपीरियर सरोवरातल्या मॅडेलिन बेटावरची ही ओजिब्वे वस्ती. हे सरोवर म्हणजे क्षेत्रफळाने जगातले सर्वांत मोठे गोड्या पाण्याचे सरोवर आहे. सुमारे ८२,००० चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या चौथ्या हिश्श्याहून थोडे अधिक. नोव्हेंबरच्या सुमारास जहाजे बंद झाली की वसंतापर्यंत बाहेरच्या जगाशी संबंध उरतो तो कुत्र्यांच्या गाडीतून येणाऱ्या टपालापुरता. १८३६-३७ मध्ये ते युरोपात जाऊन आले, पॅरिस आणि ल्युब्लियाना इथे ओजिब्वे भाषेतली पुस्तके छापून घेतली, जर्मन भाषेत मूळनिवासींच्या चालीरीतींविषयी एक पुस्तक प्रसिद्ध केले आणि परतताना धाकटी बहीण अँटोनियाला सोबत आणले. ती सुमारे दोन वर्षे या बेटावर राहिली.

१८४३ मध्ये ते सरोवराच्या दक्षिण काठावरील लान्स येथे गेले आणि तिथून पुढची दहा वर्षे त्यांच्या आयुष्यातली सर्वांत धावपळीची. लोक त्यांना आजही ओळखतात ते ‘स्नोशूवाले धर्मगुरू’ म्हणून. स्नोशू म्हणजे लाकडाच्या वाकवलेल्या चौकटीत कातड्याच्या वाद्या विणून केलेली, पायाखाली बांधायची जाळी. शरीराचा भार पसरल्यामुळे पाय मऊ बर्फात रुतत नाही. (ओजिब्वे भाषेत हा शब्द ‘आगिम’ आणि तो सजीव वर्गातला आहे.) ही पादत्राणे घालून, पाठीवर मिस्सेचे साहित्य आणि घोंगडी घेऊन ते जंगलातून दिवसेंदिवस चालत आणि रात्री उघड्यावर शेकोटीजवळ झोपत. एवढे चालण्याचे कारण काय, असा प्रश्न पडतो. कारण तांबे. १८४२ च्या तहात ओजिब्वे लोकांनी मिशिगनच्या उत्तर द्वीपकल्पाचा पश्चिम भाग अमेरिकन सरकारला दिला आणि लगेच तिथे तांब्याच्या खाणी सुरू झाल्या. खाणींत आयरिश, जर्मन, फ्रेंच कॅनेडियन मजूर आले. त्यांतले पुष्कळ कॅथलिक, आणि आसपास धर्मगुरू एकच. एका उपदेशात तीन भाषा वापरण्याची वेळ त्यामुळे येत असे.

१८४६ मध्ये सरोवरापलीकडच्या ओजिब्वे लोकांना भेटण्यासाठी ते लुई गोदँ या सोबत्यासह एका लहानशा होडीतून निघाले. मध्येच वादळ झाले. होडी खडकाळ किनाऱ्यावर आपटण्याऐवजी नेमकी एका लहान नदीच्या मुखातून शांत पाण्यात शिरली आणि दोघांनी तिथे लाकडी क्रूस उभा केला. आज मिनेसोटा राज्यातल्या श्रोडर गावाजवळ त्या जागी ग्रॅनाइटचा क्रूस आहे आणि त्या नदीला क्रॉस रिव्हर म्हणतात. श्रद्धावान या प्रसंगाकडे चमत्कार म्हणून पाहतात. मला त्यात तितकेच महत्त्वाचे वाटते ते गोदँ यांचे वल्हवणे आणि ते पाणी ओळखण्याचे त्यांचे कसब. बरागांची प्रार्थना आणि सोबत्याचे वल्हे एकाच होडीत होते.

पण लान्समधली त्यांची सर्वांत मोलाची कृती चालण्याची नव्हे, कागदाची आहे, आणि तिथे व्हिएन्नातले कायद्याचे शिक्षण कामाला आलेले दिसते. तहानंतर ओजिब्वे लोक आपल्याच भूमीत सरकारच्या मर्जीवर राहत होते. सरकारने हलवायचे ठरवले की हलावे लागणार. बरागांनी जमीन विकत घेतली आणि ती ओजिब्वे कुटुंबांच्या नावावर करून दिली, जेणेकरून ते मेहरबानीवर राहणारे लोक न राहता कायद्याने मालक ठरतील. ही भीती काल्पनिक नव्हती. १८५० मध्ये राष्ट्राध्यक्ष झॅकरी टेलर यांनी हलवण्याचा हुकूम काढला. तहापोटी मिळणारी वार्षिक देयके ला पॉइंटऐवजी दूर मिनेसोटातल्या सँडी लेक येथे मिळतील असे सांगून अधिकाऱ्यांनी हजारो ओजिब्वे लोकांना हिवाळ्याच्या तोंडावर तिथे बोलावले. देयके वेळेवर आली नाहीत, अन्न सडके निघाले, रोगराई पसरली आणि तिथे व परतीच्या वाटेवर मिळून सुमारे चारशे माणसे मेली. ओजिब्वे प्रमुखांनी हार मानली नाही. त्यांचे शिष्टमंडळ वॉशिंग्टनला जाऊन आले आणि अखेर १८५४ च्या ला पॉइंट तहाने त्यांच्याच प्रदेशात राखीव भूमी मान्य झाली. हा विजय त्यांचा आहे. बरागांचे श्रेय एवढेच, पण खरे, की एका उपसागराच्या काठावर त्यांनी आधीच पाय रोवायला जागा मिळवून दिली होती. त्या वस्तीला पुढे असिनिन्स हे तिथल्या एका ओजिब्वे प्रमुखाचे नाव मिळाले; असिनिन्स म्हणजे लहानसा दगड.

याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. बाप्तिस्मा घेणाऱ्याने जुने विधी, ढोल, औषधी पिशवी आणि मिदेविविन या वैद्यक-धार्मिक मंडळाशी असलेले नाते सोडावे, अशी बरागांची अपेक्षा असे. ज्या समाजाची भाषा त्यांनी एवढ्या प्रेमाने टिपून ठेवली, त्याच समाजाची श्रद्धा त्यांना चुकीची वाटत होती. त्यांच्या मनात या दोन गोष्टींत विरोध नव्हता. आज आपल्याला तो दिसतो आणि दिसायला हवा. तरी त्यांनी कोणाला इंग्रजी शिकून मगच देवाकडे या असे म्हटले नाही, हा फरक त्या काळात लहान नव्हता.

आता बिशपपदाकडे वळू. कॅथलिक चर्चमध्ये बिशप म्हणजे एका धर्मप्रांताचा प्रमुख. लोकवस्ती वाढली, चर्चेस आणि धर्मगुरू पुरेसे झाले की मोठ्या धर्मप्रांतातून नवा वेगळा काढला जातो. १९९८ मध्ये मुंबईच्या महाधर्मप्रांतातून वसईचा धर्मप्रांत निघाला, तो असाच. पण जिथे अजून काहीच पुरेसे नाही, तिथे रोम आधी एक तात्पुरती व्यवस्था करते. पोप स्वतः त्या प्रदेशाचे प्रमुख राहतात आणि त्यांच्या वतीने काम पाहणारा प्रतिनिधी नेमला जातो. त्याला बिशपची दीक्षा मिळते, परंतु स्वतःचा धर्मप्रांत नसल्याने एखाद्या लुप्त झालेल्या प्राचीन धर्मप्रांताचे नाव त्याला दिले जाते. जुलै १८५३ मध्ये उत्तर मिशिगनसाठी नेमणूक झाली तेव्हा बरागा अशा रीतीने आशिया मायनरमधल्या अमिझोन या नगराचे नाममात्र बिशप झाले. त्यांची निवड करण्यामागचे कारण उघड होते. तो प्रदेश पायी माहीत असलेला, तिथल्या सर्व भाषा येणारा दुसरा माणूसच नव्हता. शेजारच्या बिशपांनीही आपापल्या हद्दीतली सरोवराकाठची मूळनिवासी मिशने त्यांच्याकडे सोपवली.

दीक्षेनंतर त्यांनी आपले पहिले धर्मपत्र, म्हणजे बिशपने आपल्या लोकांना उद्देशून लिहिलेले पत्र, काढले, एक इंग्रजीत आणि एक ओजिब्वे भाषेत. अमेरिकेतल्या एखाद्या बिशपने मूळनिवासींच्या भाषेत धर्मपत्र लिहिण्याची ती पहिलीच वेळ मानली जाते. मग ते युरोपात गेले, रोममध्ये पोप नववे पायस यांना भेटले आणि धर्मगुरू व पैसा मिळावा म्हणून गावोगाव हिंडले. १८५७ मध्ये सू सेंट मेरी हे गाव केंद्र धरून त्यांचा प्रदेश रीतसर धर्मप्रांत झाला.

पद मोठे झाले म्हणून जगणे बदलले नाही, उलट ते अधिक कष्टाचे झाले. पूर्वी ते स्वतःच्या हाताने करता येईल तेवढे करत. आता इतर धर्मगुरूंकडून करवून घ्यावे लागे, आणि ते धर्मगुरूच पुरेसे नव्हते. जे येत त्यांना एकटेपण आणि थंडी सोसत नसे. १८५५ मध्ये सू येथला जहाजांचा कालवा खुला झाला, खनिजाची वाहतूक वाढली, खाणगावांची संख्या वाढली आणि प्रत्येक गावाला आपल्या भाषेचा धर्मगुरू हवा होता. त्यांची १८५२ ते १८६३ या काळातली रोजनिशी उपलब्ध आहे. ती जर्मन, इंग्रजी, फ्रेंच अशी भाषा बदलत चालते आणि तिच्यात हवामान, बोटींच्या वेळा, कोणी आले, कोण गेले, पैसा किती उरला, अशा नोंदी आहेत. तिच्यात दर्शने किंवा दृष्टांत शोधू गेल्यास हाती फार लागत नाही. बोटीची वाट पाहणारा, थकलेला, पण रोज पहाटे उठणारा एक म्हातारा माणूस मात्र स्पष्ट दिसतो.

१८६५ मध्ये धर्मप्रांताचे केंद्र लोहखनिजाच्या बंदरावर वसलेल्या मार्केट (Marquette) शहरी नेण्यास रोमने मान्यता दिली आणि बरागा तिकडे राहायला गेले. ऑक्टोबर १८६६ मध्ये बाल्टिमोर येथे अमेरिकेतल्या सर्व बिशपांची परिषद भरली असताना त्यांना पक्षाघाताचा झटका आला. आजारी बिशपने तिथेच उबदार हवेत, चांगल्या डॉक्टरांच्या देखरेखीखाली राहावे असे इतरांचे म्हणणे होते. बरागांनी सोबतच्या धर्मगुरूंना विनवले, की मला परत घेऊन चला. आणि ते परतले. पुढचे सव्वा वर्ष कंप पावणाऱ्या हातांनी, जमेल तेवढे काम करत त्यांनी मार्केट शहरात काढले आणि १९ जानेवारी १८६८ रोजी, सरोवर गोठलेले असताना, त्यांचा मृत्यू झाला. त्यांच्यानंतर त्या गादीवर आलेले इग्नेशियस म्राक आणि त्यानंतरचे जॉन व्हर्टिन हे दोघेही स्लोव्हेनियन भूमीत जन्मलेले होते. पहिल्या माणसाने वाट पाडली की गाववाले मागून येतात, हे स्थलांतरितांच्या बाबतीत सगळीकडेच घडते.

त्यांना संत ठरवण्याची प्रक्रिया चालू आहे. तिचे टप्पे असे, की प्रथम आयुष्याची आणि लिखाणाची कसून छाननी होते आणि सद्गुण असामान्य होते असे ठरल्यास ‘वंदनीय’ ही पदवी मिळते. त्यानंतर साधारणपणे एक चमत्कार सिद्ध झाल्यास ‘धन्य’ आणि आणखी एक झाल्यास ‘संत’. १० मे २०१२ रोजी पोप सोळावे बेनेडिक्ट यांनी बरागांना वंदनीय घोषित केले. पुढचे दोन टप्पे बाकी आहेत.

लान्सजवळ आज मिशिगनमधला एक जिल्हा आणि एक गाव बरागांच्या नावाने आहे, आणि किविनॉ बे या ओजिब्वे समाजाचे शासन त्याच गावातून चालते. त्यांचा १८५३ चा शब्दकोश १९९२ मध्ये मिनेसोटात पुन्हा छापला गेला. आजी-आजोबांकडून न मिळालेली भाषा पुन्हा शिकणारी अनिशिनाबे मुले त्यात जुनी रूपे शोधतात, बरागांची ऐकण्यातली चूक सापडली तर ती दुरुस्त करतात आणि ‘आम्ही’साठी ‘निनाविंद’, ‘आपण’साठी ‘किनाविंद’ असे त्यातल्याच पानावरून पाठ करतात.